पटावरून उठवलेली बावन्न

ज्या फाइलची ताई सात वर्षं वाट पाहत होती ती एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, शिपायाने तिच्या टेबलावर टाकली. "पोच द्या," म्हणाला, सही घेतली आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

ताई शिक्षण खात्याच्या आकडेवारी विभागात होती. पडताळणी हे तिचं काम. शाळा जे आकडे पाठवतात ते खरे की नुसतेच छान, हे पाहायचं. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत, कारण कुणाचीही बेरीज चुकली की ती रागवायची नाही, नुसती बघायची.

ही फाइल एका मोठ्या, नावाजलेल्या शाळेची होती. तिथल्या विशेष वर्गातली, म्हणजे ज्यांना अक्षरं लागत नाहीत, ऐकू कमी येतं, बोलायला वेळ लागतो अशी मुलं. त्यांतली किती जण शेवटची परीक्षा पास होऊन बाहेर पडली, त्याचे अकरा वर्षांचे आकडे. पहिल्याच पानावर जाड ठशात लिहिलं होतं: साडेशहाण्णव टक्के. खाली मुख्याध्यापकांची लफ्फेदार सही. विशेष वर्ग चालवायची हीच पद्धत आता सगळ्या शाळांत लागू करायची आणि त्यासाठी नेमायच्या मंडळाचं अध्यक्षपद याच मुख्याध्यापकांना द्यायचं, असं वरून जवळजवळ ठरलं होतं. फक्त पडताळणीचा शिक्का राहिला होता.

ताईने डबा उघडलाच नाही. तिने यादी उघडली, बारा वर्षांपूर्वीचं, सगळ्यात पहिलं पान काढलं आणि बोट खाली नेत नेत एका नावावर थांबली. नावापुढे शेरा होता: स्थलांतरित.

ते नाव तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

धाकटी तेव्हा सतरा वर्षांची होती. वाचताना ओळी तिच्या डोळ्यांपुढे एकमेकींत शिरायच्या; एक पान वाचायला तिला अर्धा तास लागायचा. पण तो अर्धा तास ती बसायची. परीक्षेला तीन महिने उरले असताना मुख्याध्यापकांनी घरी निरोप पाठवला. वडील नव्हते. आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत पाळीवर होती. म्हणून एकवीस वर्षांची ताई गेली.

मुख्याध्यापकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "हे बघा," ते फार मायेने म्हणाले होते, "तुमची बहीण गुणी आहे. पण परीक्षेला बसली तर आपटणार. कशाला तिचं हसं करून घ्यायचं? मी तिची सोय एका प्रशिक्षण केंद्रात करतो. शिवणकाम, विणकाम, हाताला काम मिळेल. इथे सही करा."

ताईने सही केली. वर "आभारी आहे सर" असंही म्हणाली. ते स्वतःचेच शब्द आठवले की अजून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण सरांनी दिलेल्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर दोघी गेल्या, तर तिथे ओढलेलं शटर होतं आणि शेजारचा चावीवाला म्हणाला, "केंद्र? ते बंद होऊन दोन वर्षं झाली. तरी तुमच्यासारखी पोरं येतातच इथे." शाळेत परत गेल्या, तर पटावर नाव नव्हतं. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपली होती. धाकटी त्या दिवसापासून आईबरोबर लॉन्ड्रीत जायला लागली, चादरी घडी करायला. ती आता एकोणतीस वर्षांची होती आणि घड्याच करत होती.

मुख्याध्यापकांनी तसं का केलं, ते ताईला सात वर्षांपूर्वी या खात्यात लागल्यावर कळलं. टक्केवारी काढायची रीत साधी आहे. वर्गात आलेली मुलं खाली, पास होऊन गेलेली वर. दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल खालच्या आकड्यातून, म्हणजे छेदातून, वजा करायचं, कारण ते तिकडच्या पटावर चढतं. वारलेलं मूलही वजा. बाकी कुणीही नाही. आता ज्याचं नापास होणं दिसतंच आहे, त्याला परीक्षेआधी "स्थलांतरित" करून टाकलं, तर छेद आपोआप आखूड होतो. मूल नापास होत नाही, सोडून जात नाही, ते कधी नव्हतंच. तिच्या बहिणीला मुख्याध्यापकांनी भागाकारातून उचलून बाहेर ठेवलं होतं.

पडताळणी सुरू करण्याआधी एक फॉर्म भरावा लागे. त्यात प्रश्न होता: या शाळेच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी आपला नातेवाईक आहे काय? ताईने "नाही" लिहिलं. ते खरं होतं. विद्यार्थ्यांबद्दल फॉर्म काही विचारत नव्हता. विचारलं नाही तरी साहेबांना सांगायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि सांगितलं तर फाइल शेजारच्या टेबलावर जाईल, हेही ठाऊक होतं. ती मूग गिळून बसली.

अकरा वर्षांत विशेष वर्गात एकशे अठ्ठेचाळीस मुलं आली होती. त्र्याऐंशी पास. तीन नापास. एक वारलेला. आणि एकसष्ट स्थलांतरित.

"एकसष्ट?" ताई स्वतःशीच म्हणाली. "वर्ग होता की बस स्टँड?"

नियम असा होता की स्थलांतरित लिहायचं तर पुढच्या शाळेचं प्रवेशपत्र जोडलेलं हवं. हा नियम सगळ्यांना माहीत होता आणि तो कुणी कधी विचारत नव्हतं. ताईने विचारला. शाळेला पत्र टाकलं: एकसष्ट प्रवेशपत्रं पंधरा दिवसांत पाठवावीत. नऊ आली. बाकीच्या बावन्नांसाठी मुख्याध्यापकांचं गोड पत्र आलं की जुने कागद वाळवीने खाल्ले. ताईने त्याच्यावर तारखेचा शिक्का मारला आणि ते जपून ठेवलं. मग ती बावन्न पत्ते घेऊन निघाली.

कचेरी सुटल्यावर तास-दीड तास आणि रविवारचा पूर्ण दिवस, असे चार महिने ती हिंडली. कुणी घर बदललं होतं, कुणाचे आईवडील दार लावून घेत. पण सापडत गेले. पंक्चर काढायच्या दुकानात एक बाई सापडली. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. ताईने कागदावर प्रश्न लिहिला, "दुसऱ्या कोणत्या शाळेत गेलात?" तिने टायरमधला खिळा पकडीने उपसला, हात पुसले आणि त्याच कागदावर लिहिलं, "कुठेच नाही. सर म्हणाले घरी बस, बोलावू." खाली सही केली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या.

एक जण इस्पितळाच्या लिफ्टमध्ये बटणं दाबायच्या नोकरीवर होता. तो आधी घाबरला. त्याला वाटलं शाळेने परत काहीतरी कागद पाठवलाय. एकाच्या आईने ताईला दारातच ऐकवलं, "तेव्हा कुठे होता तुम्ही? आता चौकशा करताय, लाज वाटते का?" ताई खाली मान घालून उभी राहिली, आणि बाईंचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काकू, हे सगळं लिहून द्या ना." काकूंनी तीन पानं लिहून दिली.

मग तिने पास झालेल्या त्र्याऐंशींकडे मोर्चा वळवला. त्यातल्या चोवीस जणांच्या हातात पास झाल्याचा दाखला नव्हताच. "शाळेत नियमित हजर होता" एवढंच छापलेला, सोनेरी किनारीचा कागद होता. घरोघरी तो भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता. तो घेऊन नोकरीला गेलं की लोक हसत आणि परत पाठवत. खरे पास एकोणसाठ निघाले.

दर संध्याकाळी ताई घरी आली की धाकटी विचारायची, "कुठे गेली होतीस?"

"कामाला."

"रविवारी?"

"रविवारीपण काम असतं," ताई म्हणायची. धाकटी तिच्याकडे बघायची आणि पुन्हा पुढ्यातल्या कामाला लागायची. खोटं तिला लगेच कळायचं, पण बोलायला वेळ लागायचा, आणि तोवर ताई आतल्या खोलीत गेलेली असायची.

आणि मग ताईने एक गोष्ट केली जी तिने कुणालाच सांगितली नाही. बावन्न जणांची यादी पुरी झाली होती. त्यात बहिणीचं नाव होतं. तिला दिसत होतं की हा माणूस अडकला की पहिला वार इथेच करणार: बाईंची बहीण आहे, बाई सूड घेताहेत. म्हणून तिने ते नाव उचललं आणि "स्थलांतराचा पुरावा मिळाला" या रकान्यात ठेवलं. पुरावा नव्हता. यादी एक्कावन्नाची झाली. एकशे सदतिसांत एकोणसाठ पास: त्रेचाळीस पूर्णांक एक टक्के. बहीण धरली असती तर बेचाळीस पूर्णांक आठ. दशांश तीनचा तर फरक, तिने मनाशी म्हटलं.

अहवाल वाचून विभागप्रमुखांनी चष्मा काढला. ते निवृत्तीला आले होते आणि त्यांना शांतता हवी होती. "बाई, साडेशहाण्णवचे त्रेचाळीस? जरा मधला काहीतरी आकडा नाही का निघत?"

"मधली मुलं दाखवा साहेब, मोजते."

"तो माणूस उद्या मंडळाचा अध्यक्ष होणार आहे. तुम्हाला कुठे फेकेल पत्ता लागणार नाही."

"मला पत्ते शोधायची सवय झाली आहे आता," ताई म्हणाली. साहेबांनी सही केली, पण पेन असं धरलं होतं की जणू ते दुसऱ्याचं आहे.

सुनावणी तिसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत झाली. एसी गळत होता. खाली बादली ठेवली होती आणि तिच्यात थेंब पडत होते. तिघांची समिती, मधे अध्यक्षबाई. समोर मुख्याध्यापक. केस पांढरे झाले होते, पण आवाजातली माया तशीच. अर्धा तास ते बोलले, वाळवीबद्दल, मुलांवरच्या प्रेमाबद्दल. मग ताईने एक्कावन्न जबाब टेबलावर ठेवले, एकावर एक. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली.

"मला बोलायचं नव्हतं," ते म्हणाले. "पण या बाईंची सख्खी बहीण माझ्या शाळेत होती. त्याच वर्गात! ही पडताळणी नाही, हा सूड आहे. उघड उघड सूड."

अध्यक्षबाई ताईकडे वळल्या. "खरं आहे?"

"बहीण त्या वर्गात होती, हे खरं आहे," ताई म्हणाली. आवाज तिने कचेरीतलाच ठेवला. "पण या एक्कावन्न जणांत ती नाही. सरांनी तिच्या नावापुढे स्थलांतरित लिहिलं होतं. मी त्या शेऱ्याला हात लावलेला नाही. सरांच्याच बाजूने धरलंय तिला."

समितीतल्या एकाने पानं उलटली. "हो, इथे आहे. पुरावा मिळालेल्यांत."

"सरांचं म्हणणं असेल की तो शेरा खोटा होता," ताई पुढे म्हणाली, "तर त्यांनी आत्ता सांगावं. मी इथल्या इथे दुरुस्त करते."

मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं. त्यांना पक्कं ठाऊक होतं की त्या मुलीचं कसलंही प्रवेशपत्र नाही, असूच शकत नाही, कारण शटर ओढलेल्या केंद्राचा पत्ता त्यांनीच दिला होता. ही बाई खोटं बोलते आहे हे त्या खोलीत फक्त त्यांना कळत होतं, आणि ते सांगायचं तर आपण काय केलं ते सांगावं लागणार होतं. बादलीत पाच-सहा थेंब पडले.

"सांगा ना सर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शेरा खरा की खोटा?"

ताई त्यांच्याकडे बघत होती. बारा वर्षांत तिने हा चेहरा कितीतरी वेळा मनात आणला होता, पण मनातला कधी इतका छान उतरला नव्हता.

"खरा," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग तो प्रश्न मिटला," अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं.

महिन्याभरात पद्धत गुंडाळली गेली, अध्यक्षपद दुसऱ्याला गेलं आणि शाळेच्या सभागृहावरची मुख्याध्यापकांच्या नावाची पाटी उतरवायचं ठरलं. ताईने त्या दिवशी अर्धी रजा टाकली. समोरच्या फूटपाथवर उभी राहून तिने शेंगदाणे खाल्ले आणि शिडीवरचा माणूस एकेक अक्षर पटाशीने उचकटताना पाहत राहिली. शेवटचं अक्षर निघेना, तेव्हा तिला वाटलं आपणच वर चढावं. असं पोट भरून बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या आनंदात ती घरी आली, तर पंक्चरवाली बाई बाहेरच्या खोलीत बसलेली. ती आणि धाकटी एकाच बाकावर बसायच्या, हे ताईला माहीतच नव्हतं. दोघींच्या मधे वर्तमानपत्र पसरलेलं होतं. "पटावरून काढलेली एक्कावन्न मुलं" असा मथळा, आणि खाली ज्यांनी परवानगी दिली त्यांची नावं. धाकटी बोट ठेवून वाचत होती. तिने सगळी नावं वाचली होती. दोनदा.

पंक्चरवाली उठून गेल्यावर धाकटी म्हणाली, "मी नाही."

"अगं, ते... त्यात तुझं नाव असतं तर केस पडली असती. तुझ्यासाठीच केलं ना सगळं!"

आई आतून ओला हात पदराला पुसत आली आणि दारातच थांबली.

धाकटीने शब्द जुळवायला वेळ घेतला. ताईला तो वेळ नेहमी लांब वाटायचा. त्या दिवशी तो संपू नये असं वाटलं.

"सरांनी मला काढलं," धाकटी म्हणाली. "मग तू काढलंस."

"दशांश तीनचाच फरक होता गं."

"मग तो दे."

एवढं बोलून ती वर्तमानपत्राची घडी करायला लागली, कोपऱ्याला कोपरा लावून, चादरीची करतात तशी. आई ताईकडे बघत होती. "तेव्हा सही करताना तू लहान होतीस," आई म्हणाली. "आता नाहीस." आणि आत गेली.

ताईने तीन दिवस काढले. दुरुस्ती द्यायची म्हणजे आपण रकान्यात खोटी नोंद केली हे लिहून देणं. मुख्याध्यापक आनंदाने उड्या मारतील. मिळवलेलं सगळं परत त्यांच्या हातात जाईल, पाटी परत चढेल. बहिणीवरची माया आणि त्या माणसावरचा राग या दोन गोष्टी आजवर तिला एकच वाटत होत्या. चौथ्या दिवशी तिने दोन पानांचं पत्र लिहिलं, स्वतः टाइप केलं आणि विभागप्रमुखांच्या पुढ्यात ठेवलं. साहेब म्हणाले, "बाई, वेड लागलंय का तुम्हाला?" ती म्हणाली, "पोच द्या."

व्हायचं ते झालं. मुख्याध्यापकांनी अपील केलं. ताईच्या चौकशीचा आदेश निघाला, तिला तळघरात जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं आणि तिची बढती तीन वर्षांसाठी थांबली. फाइल दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कडक तपासनिसाकडे गेली. त्याचं कुणाशी काही देणंघेणं नव्हतं आणि त्याला ताईबद्दलही फारसं बरं वाटत नव्हतं. त्याने सगळं मुळापासून मोजलं. पास झालेल्या एकोणसाठांतला एक दाखलाही बनावट निघाला. बावन्न मुलं छेदात परत आली, धाकटीसकट. एकशे अडतिसांत अठ्ठावन्न. बेचाळीस टक्के, वर काही नाही. अपील फेटाळलं, आणि ताईला कधी सापडलाच नसता अशा त्या बनावट दाखल्याबद्दल मुख्याध्यापकांवर वेगळी केस उभी राहिली. दप्तरांच्या खोलीत ही बातमी कळली तेव्हा ती धुळीत बसून एकटीच खो खो हसली.

त्या बावन्न जणांना बाहेरून परीक्षा द्यायची मुभा मिळाली, जादा वेळेसकट. एकोणीस जण बसले. सात पास झाले. धाकटी त्या सातांत नव्हती. तिचा गणिताचा पेपर राहिला. निकालाचा कागद तिने स्वतः आणला आणि आईला स्वतः वाचून दाखवला, सगळे विषय, सगळे गुण, शेवटच्या "अनुत्तीर्ण"पर्यंत. मग म्हणाली, "पुढच्या वेळी गणित." ताईला तिने शिकवणीला ठेवून घेतलं, पण पहिले दोन महिने तिच्याशी गणिताखेरीज अवांतर बोलली नाही.

त्यानंतर ताईची आणि मुख्याध्यापकांची एकदाच गाठ पडली, दातांच्या दवाखान्यात. ते गालाला रुमाल लावून बसले होते. बाक एकच होता. ताई उभी राहिली असती, पण ती बसली, मुद्दाम, त्यांच्या शेजारीच.

रुमाल जरा बाजूला करून ते म्हणाले, "तुमची बहीण कशी आहे?"

"तिचं नाव काय, सर?" ताईने विचारलं.

ते विचार करायला लागले. डोळे बारीक केले, छताकडे पाहिलं, रुमाल या गालावरून त्या गालावर नेला. ताईला घाई नव्हती. आतून त्यांचा नंबर पुकारला गेला, दुसऱ्यांदा पुकारला गेला, तेव्हा ते उठले आणि तसेच आत गेले.